मायक्रॉनच्या गोदामात २३५ दिवसांचा माल : ठेवावा की सोडावा?

गोंधळी_गुंतवणूकदार | ३० मार्च २०२३

मंडळी, आधी कबुली देतो. २०२२ च्या सुरुवातीला ऑफिसातल्या मित्राच्या नादाने मायक्रॉन या मेमरी चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे ४० शेअर ९० डॉलरच्या आसपास घेतले. आता भाव साठीत लोळतोय.

परवा २८ तारखेला तिमाहीचा निकाल आला. विक्री ३.६९ अब्ज डॉलर. गेल्या वर्षी याच तिमाहीत ती ७.७९ होती. निव्वळ तोटा २.३१ अब्ज. साठा ८.१ अब्जांचा, तोही १.४३ अब्जांनी किंमत खाली आणून दाखवलेला. कंपनी स्वतःच म्हणते की ही घट दाखवली नसती, तर माल २३५ दिवसांचा भरला असता. मी कॅलेंडर घेऊन बसलो. तिमाही २ मार्चला संपली, तिथून २३५ दिवस म्हणजे २३ ऑक्टोबर. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत एकही नवी चिप बनवली नाही तरी चालेल!

आणि हे सगळं बघून बाजाराने काय केलं? काल शेअर ७ टक्के वर. मला काहीच कळेनासं झालंय. एवढा माल पडून असताना शेअर वर का जातो? आणि मी ४० शेअरचं करू काय?

बिनधास्त_बाळू | ३० मार्च २०२३

दसऱ्याला सोनं म्हणून चिपा वाटा. आपट्याच्या पानांपेक्षा स्वस्त पडतील.

निवांत | ३० मार्च २०२३

इंडेक्स फंड. धागा संपला.

सीए_कोपऱ्यातला | ३१ मार्च २०२३

वर्षअखेरीच्या गडबडीतून दहा मिनिटं चोरून लिहितोय.

गोंधळी, तुम्ही २३५ धरून बसलात, पण अधिकृत आकडा १५३ दिवसांचा आहे. दोन्ही खरे. साठ्याचे दिवस काढताना हातातला माल भागिले तिमाहीत विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले तिमाहीचे दिवस. आता १.४३ अब्जांची घट काय करते बघा. वरच्या साठ्यातून तेवढी रक्कम जाते आणि तीच खालच्या खर्चात येऊन बसते. अंश घटला, छेद वाढला. गोदामातली एक पेटी हलली नाही, तरी दिवस २३५ चे १५३ झाले.

नियम सोपा आहे. माल लागत खर्चाला धरायचा किंवा विकून जे हाती येईल त्याला, यातलं जे कमी असेल त्याला. मेमरीचे भाव लागत खर्चाच्या खाली गेले, म्हणून घट दाखवावी लागली. आपल्याकडे इंड-एएस २ या हिशेबाच्या नियमानुसार भाव सुधारले तर ही घट मागे घेता येते. अमेरिकेच्या नियमात तसं नाही, एकदा खाली आणलं ते आणलंच. त्यामुळे हाच माल पुढे विकला जाईल तेव्हा त्याचा खर्च कमी दिसेल आणि नफा सुजलेला दिसेल. पुढच्या तीन-चार तिमाह्या बघताना ही सूज वजा करून बघा.

चाळकरी_निफाड | ३१ मार्च २०२३

आमच्या धंद्यावर आलात की राव. चिपेतलं कळत नाही, पण पडून राहिलेल्या मालातलं कळतं. मुलगा पुण्याला आयटीत आहे, त्याच्या नावावर थोडे अमेरिकी शेअर आहेत म्हणून हा धागा वाचतो.

या साली लाल कांद्याचे लासलगावला काय हाल झाले ते पेपरात वाचलंच असेल. सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं. लाल कांदा टिकत नाही, निघाला की विकायचाच. उन्हाळ कांदा मात्र चाळीत ठेवता येतो. आता ठेवला की चार-पाच महिने थांबायचं आणि भावाची वाट बघायची. पण चाळ कधी फुकट नसते. दर महिन्याला वजन घटतं. आषाढ-श्रावणात दमट हवेने मधला थर सडतो, वरून काही दिसत नाही. फळीच्या फटीतून हात घातला की बोटं ओली होऊन येतात आणि वास दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. मग उरलेल्याला कोंब फुटतात.

माझा प्रश्न एवढाच की चिपेला कोंब फुटतात का? फुटत नसतील तर थांबायला काय हरकत आहे?

फॅबमधला | १ एप्रिल २०२३

चाळकरीकाका, लाखमोलाचा प्रश्न. मी ओरेगॉनमध्ये असतो, अकरा वर्षं फॅबमध्ये, म्हणजे चिपांच्या कारखान्यात, काढली (मायक्रॉन नव्हे, दुसरीकडे).

चिप सडत नाही. बंद पाकिटात वर्षानुवर्षं राहते. पण तिला कोंब फुटतात, वेगळ्या प्रकारचे. दीड-दोन वर्षांत नवी पिढी येते, एका वेफरवर (ज्यातून चिपा कापतात ती सिलिकॉनची चकती) आधीपेक्षा जास्त बिट बसतात आणि प्रत्येक बिटाचा खर्च खाली येतो. तुमच्या चाळीतला माल जुन्या खर्चाचा, शेजारच्याचा नव्या खर्चाचा. बाजारात भाव एकच. शिवाय आता डीडीआर४ वरून डीडीआर५ वर जाण्याचा काळ आहे, म्हणजे गिऱ्हाईक वाणच बदलतंय.

दुसरं, कारखाना का थांबवत नाहीत हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. वेफर आत गेल्यापासून चिप बाहेर यायला तीन-चार महिने लागतात, पुढे जोडणी-चाचणी वेगळी. आज बाजारात येतोय तो माल गेल्या पावसाळ्याच्या शेवटी घेतलेल्या निर्णयाचा आहे. आणि खर्चाचा मोठा हिस्सा यंत्रांचा. यंत्र चालो न चालो, घसारा चालूच. म्हणून प्रत्येक जण म्हणतो की दुसऱ्याने बंद करावं, मी चालू ठेवतो. या हट्टापायी २००९ मध्ये जर्मनीची किमोंडा गेली, २०१२ मध्ये जपानची एल्पिडा दिवाळखोरीत गेली आणि ती मायक्रॉननेच विकत घेतली. आता डीरॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलच्या चालू मेमरीत, मोठे तिघेच : सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन.

फॅबमध्ये छताला रूळ असतात, त्यावरून वेफरचे डबे लोंबकळत धावतात. भरात असताना मान वर केली की ट्रॅफिक जॅम दिसतो. कपात सुरू झाली की पहिल्यांदा तेच जाणवतं. वर बघावं तर रूळ मोकळे. नोटीस नंतर येते.

लॅमिंग्टन_रोड | १ एप्रिल २०२३

मेमरी विकणाऱ्या दुकानदाराचं पण ऐका. कंपनीच्या गोदामात काय आहे ते सगळेच बघतात. गिऱ्हाईकाच्या गोदामात काय आहे ते बघा.

२०२१ मध्ये माल मिळत नव्हता. मी काय केलं? १०० स्टिक हव्या असताना तिघा डिस्ट्रिब्युटरांकडे १००-१०० ची ऑर्डर टाकली, जो आधी देईल त्याची घ्यायची. माझ्यासारख्या छोट्या माणसाने हे केलं, मग लॅपटॉप आणि मोबाइल बनवणाऱ्यांनी काय केलं असेल? कंपन्यांना वाटलं मागणी तिप्पट झाली. घरून काम संपलं, तिन्हीकडचा माल एकदम दारात. माझ्याकडे अजून त्यातल्या स्टिक आहेत. मागच्या फळीवर, दिवाळीच्या दिव्यांच्या खोक्यामागे.

सध्या मी काही मागवतच नाही, आधी फळी रिकामी करतोय. म्हणजे माझी खरी विक्री चालू आहे, पण कंपनीला माझ्याकडून शून्य दिसतंय. फळी संपली की मी पुन्हा मागवणार. तेव्हा कंपनीला वाटेल मागणी परत आली. मागणी कुठे गेलीच नव्हती.

वेळ_साधणारा | १ एप्रिल २०२३

@लॅमिंग्टन_रोड, अगदी हेच. गोंधळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बाजार साठा बघत नाही, साठा आता वाढायचा थांबला का ते बघतो. व्यवस्थापन म्हणालं की दिवसांच्या हिशेबाने शिखर याच तिमाहीत झालं आणि काही गिऱ्हाइकांकडचा माल कमी होतोय. ७ टक्के त्याचे.

मेमरीच्या शेअरचा पीई, म्हणजे भाव भागिले शेअरमागचा नफा, उलटा वाचायचा. नफा नसतो, पीई काढताच येत नाही, तेव्हा घ्यायचा. नफा ओसंडून वाहत असतो, पीई सात-आठ दिसतो, सगळे स्वस्त स्वस्त म्हणून ओरडतात, तेव्हा निघायचं.

शंकासुर | २ एप्रिल २०२३

वाक्य छान आहे. फक्त तळ कुठे ते तळ होऊन गेल्यावर कळतं. मागच्या डिसेंबरातही साठा २१४ दिवसांचा होता, तेव्हाही "आता काय वाईट व्हायचं राहिलंय" म्हणणारे होतेच. सॅमसंगने अजून उत्पादन कमी करतो म्हटलेलं नाही. तो मोठा भाऊ जोवर ओततोय तोवर धाकट्या मायक्रॉनने उत्पादन २५ टक्के कमी केले काय आणि नाही काय.

बिनधास्त_बाळू | २ एप्रिल २०२३

चॅटजीपीटीला लई मेमरी लागते म्हणे. तेच वाचवेल मायक्रॉनला.

शंकासुर | २ एप्रिल २०२३

बाळू, कृपया. इथे गंभीर चर्चा चालू आहे.

थप्पीमोजे | ३ एप्रिल २०२३

सहकारी बँकेत तीस वर्षं तपासनीस होतो, साखर कारखाने माझ्याकडे असत. साठा या शब्दाला मी घाबरतो.

कारखान्याला बँक साखरेवर मालतारण कर्ज देते. पोत्याचं मूल्यांकन करायचं, त्यातला काही भाग राखून बाकीची उचल द्यायची. बाजार पडला की मूल्यांकन खाली आणावं लागतं. मग दिलेली उचल जास्त ठरते आणि तारण कमी. याला आमच्याकडे अपुरा दुरावा म्हणतात. २०१८ च्या सुमारास साखर उदंड झाली, तेव्हा या दुराव्याने अध्यक्षांची झोप उडवली होती. शेवटी केंद्राने साखरेला किमान विक्री दर बांधून दिला, आधी २९ रुपये किलो आणि पुढे ३१. चिपेला असा मायबाप कुणी नाही.

एक किस्सा. एका कारखान्यात (नाव नको) गोदाम तपासायला गेलो. थप्प्या छताला टेकलेल्या, रांगा सरळ, मुकादम चहा घेऊन पुढे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, पुस्तकाशी तंतोतंत. निघताना सोबतच्या शिपायाने सहज एका थप्पीला हात टेकला आणि वरचं पोतं आत पडलं. बाहेर नाही, आत. थप्पी मधून विहिरीसारखी पोकळ होती. त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत मी एकेक पोतं मोजून घेतलं.

मायक्रॉनमध्ये असं आहे असं मुळीच म्हणत नाही. उलट त्यांनी स्वतः होऊन १.४३ अब्ज खाली आणले, हे मला आवडलं. माल पुस्तकात चढ्या भावाने ठेवणारा मला जास्त खटकतो.

निवांत | ३ एप्रिल २०२३

मघाचा इंडेक्स फंड मागे घेतो. किस्सा बेस्ट.

आरती_ठाणे | ३ एप्रिल २०२३

थोडं अवांतर. नव्याने घेऊ बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बजेटमध्ये परदेशी पैसे पाठवण्यावरचा टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) ५ वरून २० टक्के करायचं म्हटलंय, १ जुलैपासून. परत मिळतो, पण वर्षभर अडकून पडतो. आणि विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायला विसरू नका. तिथे आर्थिक वर्ष नाही, कॅलेंडर वर्ष धरायचं असतं. माझ्या नवऱ्याने चुकीचं धरलं होतं, मग सीएंच्या दोन फेऱ्या झाल्या.

सीए_कोपऱ्यातला | ३ एप्रिल २०२३

ताईंशी सहमत. भर : अमेरिकी शेअर ६०,००० डॉलरच्या वर गेले तर तिथला वारसा कर लागू शकतो, आपण तिथले रहिवासी नसलो तरी. बाकी टीसीएससाठी वेगळा धागा काढा, नाहीतर गोंधळी आणखी गोंधळतील.

फॅबमधला | ७ एप्रिल २०२३

शंकासुर, घ्या. सॅमसंगने आज उत्पादन कपात जाहीर केली. मोठा भाऊ वाकला.

शंकासुर | ७ एप्रिल २०२३

वाचलं. किती कमी करणार ते कुठे सांगितलंय? तरी एक पाऊल मागे घेतो. एकच.

गोंधळी_गुंतवणूकदार | ८ एप्रिल २०२३

सर्वांचे आभार. ठरवलं. दिवस १२० च्या आसपास आले की आणखी ४० घेऊन सरासरी खाली आणणार. तोवर हलणार नाही.

वेळ_साधणारा | ८ एप्रिल २०२३

गोंधळी, १२० होईपर्यंत भाव तुमच्यासाठी थांबणार नाही हो. साठ्याचा आकडा तिमाही संपल्यावर येतो. वरात निघून गेल्यावर मांडवात पोचाल.

चाळकरी_निफाड | २३ जून २०२३

काय हो, चीनने मागच्या महिन्यात मायक्रॉनचा माल महत्त्वाच्या यंत्रणांत वापरायला बंदी घातली म्हणे. सरकार आडवं आलं की चाळीतला माल काय आणि चिप काय. आणि काल बातमी की साणंदला त्यांचा कारखाना येतोय.

फॅबमधला | २३ जून २०२३

एकूण २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प. त्यात कंपनीचे ८२.५ कोटी डॉलरपर्यंत, बाकी केंद्र आणि गुजरात सरकार. पण तिथे वेफर बनणार नाहीत. बाहेरून आलेले वेफर कापणे, जोडणी, चाचणी, पॅकिंग. आजच्या साठ्याशी काही संबंध नाही.

बिनधास्त_बाळू | २३ जून २०२३

पुन्हा गुजरात! तळेगावच्या वेदांत-फॉक्सकॉनची जखम अजून ओली आहे, त्यावर मीठ.

*(संपादक : राजकारण नको. इथून पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.)*

वेळ_साधणारा | २८ जून २०२४

धागा वर काढतोय. गोंधळी, आहात का? या महिन्यात भाव १५० च्या वर जाऊन आला. एआयच्या चिपांसोबत लागणारी एचबीएम मेमरी कंपनीने या वर्षाची सगळी आधीच विकून टाकली आहे, पुढच्या वर्षाचीही. म्हणजे जो माल बनायचाय तोच गेलाय, साठा कसला?

फॅबमधला | २८ जून २०२४

आणि गंमत बघा. एचबीएमला तेवढ्याच बिटांसाठी साध्या डीडीआर५ च्या जवळजवळ तिप्पट वेफर लागतात. चांगलं रान सगळं द्राक्षाला दिल्यावर कांद्याला उरतं किती? साध्या मेमरीचा पुरवठा आपोआप आटतो. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या डोक्यात हे नव्हतं, प्रामाणिकपणे सांगतो.

बिनधास्त_बाळू | २८ जून २०२४

माझा २ एप्रिल २०२३ चा प्रतिसाद सर्वांनी पुन्हा वाचावा. शंकासुरांनी दोनदा.

शंकासुर | २८ जून २०२४

वाचला. पेढे कुठे पाठवू?

सीए_कोपऱ्यातला | २९ जून २०२४

सूज वजा करा म्हटलं होतं, तिचा हिशेब पूर्ण झाला. १.४३ अब्ज आणि पुढच्या तिमाहीत आणखी ४०.१ कोटी, अशी एकूण १.८३१ अब्जांची घट. हा माल चार तिमाह्यांत विकला गेला, फायदा अनुक्रमे २८.१, ५६.३, ६०.५ आणि ३८.२ कोटी डॉलर. बेरीज करून बघा, पै न पै जुळते. थप्पीमोजेकाका, पोकळ नव्हती.

थप्पीमोजे | २९ जून २०२४

जुळली. मी कागद-पेन घेऊन केली. बरं वाटलं.

गोंधळी_गुंतवणूकदार | ३० जून २०२४

आहे मंडळी. बोलायला तोंड नव्हतं. मी १२० दिवसांची वाट बघत होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये भाव ६८ च्या आसपास आला, बायको म्हणाली की निम्मं तर भरून निघालंय, काढून टाक आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घे. काढले. चाळीसच्या चाळीस. गच्ची आता गळत नाही. तुमचं सगळं म्हणणं पटलं होतं हो. पटलं होतं आणि तरी काढले.

चाळकरी_निफाड | १ जुलै २०२४

मनाला लावून घेऊ नका. मी त्याच ऑगस्टात चाळ फोडायची म्हणून थांबलो होतो, भाव चढत होता. १९ तारखेला केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. डिसेंबरात तर निर्यातच बंद. तुमची गच्ची तरी झाली.

शंकासुर | ९ एप्रिल २०२५

ट्रम्पसाहेबांच्या टॅरिफने भाव पुन्हा साठीत. १५० ला पेढे खाल्लेले कुठे आहेत?

वेळ_साधणारा | ९ एप्रिल २०२५

इथेच. थोडे विकले होते, थोडे हातात आहेत. दुखतंय.

गोंधळी_गुंतवणूकदार | १० एप्रिल २०२५

या वेळी साठ्याचे दिवस बघितलेच नाहीत. २० घेतले. बायकोला सांगितलेलं नाही, कृपया धागा फॉरवर्ड करू नका.

सीए_कोपऱ्यातला | १९ डिसेंबर २०२५

परवाचा निकाल. तिमाहीची विक्री १३.६४ अब्ज डॉलर, पुढच्या तिमाहीचा अंदाज १८.७. पण मला आवडलेला आकडा वेगळाच आहे. साठा ८.२ अब्ज.

गोंधळींचा पहिला प्रतिसाद उघडा. तेव्हा ८.१ होता! गोदामातला माल डॉलरमध्ये बघाल तर तेवढाच, पण दिवस १२६. तोच डोंगर तेव्हा तोट्याचा दिसला आणि आज अपुरा पडतोय.

शंकासुर | १९ डिसेंबर २०२५

म्हणजे पीई उलटा वाचायची वेळ आली? सगळे स्वस्त स्वस्त म्हणून ओरडतायत.

वेळ_साधणारा | १९ डिसेंबर २०२५

माझंच वाक्य माझ्या अंगावर फेकू नका. विचार करतोय. रात्री झोप लागत नाहीये, खरं सांगायचं तर.

लॅमिंग्टन_रोड | २० डिसेंबर २०२५

तुमचं शेअरचं चालू द्या, माझं ऐका. कंपनीने या महिन्यात क्रुशल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. किरकोळ गिऱ्हाइकाला फेब्रुवारीपर्यंतच माल, पुढे सगळं डेटा सेंटरवाल्यांना. डिस्ट्रिब्युटर सकाळी एक भाव सांगतो, दुपारी फोन उचलत नाही. गल्लीत प्रत्येक जण पुन्हा तिघातिघांकडे ऑर्डर टाकतोय. मीही टाकल्यात. २०२१ ची आठवण येते आणि पोटात गोळा येतो.

चाळकरी_निफाड | २० डिसेंबर २०२५

दुकानदार, ते राहू द्या. धाकटीच्या लॅपटॉपला १६ ची स्टिक हवी होती. दिव्यांच्या खोक्यामागची एखादी उरली आहे का?

लॅमिंग्टन_रोड | २० डिसेंबर २०२५

काका, एक होती. परवा विकली. कितीला ते विचारू नका.